समोरची पार्टी घुमटीत राहते

पैज अशी लागली. लुंग विनचा मुलगा भिक्षू व्हायला निघेल, त्या मिरवणुकीच्या आत विमा कंपनीनं त्याच्या पिकअपचा मागचा बंपर दुरुस्त करून दिला, तर हिया क्वांगनं बायकोचा फुलाफुलांचा सारोंग नेसायचा, ओठांना लाली फासायची आणि मिरवणुकीच्या पुढे थेट विहारापर्यंत नाचत जायचं. नाही करून दिला, तर हेच सगळं लुंग विननं करायचं. स्वतः केलेली दुरुस्ती धरायची नाही, काम कंपनीचंच पाहिजे. साक्षीला कॉफीवाली पा हुई.

पैज ज्यावरून लागली ती घटना अगदी किरकोळ होती. नाखोन चायसीच्या बाजारामागच्या गल्लीत पा हुईची कॉफीची टपरी आहे. तिच्यासमोरून लुंग विन, म्हणजे विनकाका, पपनसांनी भरलेली गाडी मागे घेत होता. मागे उभा राहून हिया क्वांग हात हलवत होता, "ये, ये, ये, ये…" हिया क्वांगचं खिळे-पत्र्याचं दुकान आहे, पण गल्लीत कुठलीही गाडी मागे येऊ लागली की तो गिऱ्हाईक तसंच टाकून धावतो. दिशा दाखवणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असं त्याचं मत. नेमका त्याच वेळी लॉटरीची फळी घेऊन विक्रेती आली आणि हियाची नजर तिकिटांवर गेली. हात मात्र हलत राहिला, तोंडही. "ये, ये, ये…"

"बास" हा शब्द शेवटी घुमटीनं म्हटला.

ही घुमटी म्हणजे पा हुईच्या जागेच्या राखणदाराचं घर. एका खांबावर उभं, लाल-सोनेरी छपराचं. घुमटी थोडी कलली. आतलं म्हातारा-म्हातारीचं मातीचं जोडपं जागच्या जागी राहिलं, पण दारात नाचणाऱ्या बाहुलीचा हात निखळला आणि लाल सरबताची बाटली नळीसकट आडवी झाली. पिकअपचा बंपर डाव्या अंगाला पोचा येऊन वर उचलला गेला. फार नाही, पण मागचा फळका उघडेना, इतका.

गल्ली धावत आली. आधी सगळ्यांनी गाडीचा नंबर लिहून घेतला, कारण अपघातात सापडलेला नंबर लॉटरीत लागतो. मग कुणीतरी राखणदाराला उदबत्ती लावली. त्यानंतर पा हुईनं विचारलं, "विन, तुला लागलं का रे?"

"मला काय होतंय! गाडीचा पहिल्या दर्जाचा विमा आहे," लुंग विन खाली उतरत म्हणाला. "आजवर हप्ता चुकवला नाही. कंपनी स्वतः येईल, बंपर काढेल, नवा लावेल. मी नुसती कॉफी पीत बसायचं."

"कंपनी?" हिया क्वांग असा हसला की त्याचा सोन्याचा दात दिसला. "अरे, कंपनी येईल, फोटो काढेल आणि जाईल. तुझा केंग भिक्षू होऊन, वर्षावास संपवून, चीवर उतरवून परत येईल, पण बंपर नाही यायचा."

"लावतो का पैज?"

आणि लागली.

ही पैज गल्लीला गंमत वाटली, पण लुंग विनच्या जिवाशी होती. केंग हा त्याचा एकुलता एक मुलगा. पावसाळ्यापुरतं भिक्षूव्रत घेणार होता. त्या दिवशी मुलाचं डोकं भादरतात, भुवयासुद्धा काढतात, पांढरे कपडे घालतात, त्याला नाग म्हणतात आणि गाडीवर उभा करून वाजतगाजत विहारात नेतात. नागाला कुणाच्या गाडीनं नेलं, हे गल्ली नातवंडांना सांगते. आणि फळकाच उघडला नाही तर नाग चढणार कुठून? बाजूनं टांग टाकून चढवला, तर म्हणतील, विननं पोराला पपनसाच्या करंडीसारखा गाडीत टाकला. हिया क्वांगची नवी कोरी पिकअप तर तयारच होती. तो ती मुद्दाम रोज विनच्या दारासमोर धुवायचा.

"अहो पी विन," बायको लमाय म्हणाली, "माझं पोर क्वांगच्या गाडीवर चढून गेलं ना, तर त्या दिवशी मी जेवणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही."

*

कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला आणि खरं सांगायचं तर लगेच आला. त्याचं नाव रंगसन. वयानं लहान, वागायला गोड. त्यानं बंपरचे फोटो काढले समोरून, बाजूनं, खाली झोपून आणि एक स्वतःसकट. मग विचारलं, "लुंग, समोरची पार्टी कोण?"

"कुठली पार्टी?"

"धडक म्हटली की दोन पार्ट्या लागतात. एक तुम्ही. दुसरी?"

"दुसरी कुणी नाही. ही घुमटी."

रंगसनचा चेहरा पडला. "समोरची पार्टी नसली तर कंपनी असं धरते की तुम्हीच कुठंतरी आपटून आलात. मग पहिला भुर्दंड तुमच्या खिशातून."

हिया क्वांगनं कॉफीचा घोट घेतला. "खिशातून," त्यानं पा हुईला ऐकवलं, "म्हणजे हरला."

"थांब!" लुंग विन म्हणाला. "घुमटीला मालक असेल की. पा हुई, जमीन तुझी ना? कर सही."

पा हुईनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मी? मी त्या घुमटीची मालकीण म्हणून सही करू? राखणदाराच्या डोळ्यांदेखत? वेड लागलंय का तुला? जमीन सरकारदरबारी माझी असेल, पण जागा त्याची. मी भाडेकरू. रोज सकाळी भात, केळं, लाल सरबत देते, ते भाडंच आहे. आज मालकीण म्हणून सही केली, तर उद्या टपरी आडवी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हिया क्वांगनंही डोलावली, कारण पैज पैजेच्या जागी आणि राखणदार राखणदाराच्या.

रंगसनही इथलाच पोरगा. त्यानं घुमटीला हात जोडले, मग मोबाइलवर लिहिलं, 'समोरची पार्टी: राखणदार.' त्यानंतर पोच्यावर कंपनीचा पिवळा स्टिकर चिकटवला.

"लुंग, आता याला हात लावायचा नाही हं. हातोडा नाही, तार नाही, धुवायचंसुद्धा जपून. हा पोचा आता तुमचा राहिला नाही. हा पुरावा आहे."

*

कंपनीतून फोन आला. बाईचा आवाज इतका मधाळ की लुंग विननं उगाचच केस नीट केले.

"काका, समोरच्या पार्टीचं नाव सांगता का?"

"त्यांचं नाव कुणी घेत नाही."

"बरं. वय?"

"पा हुईच्या आजोबांच्याही आधीचे आहेत."

"गाडी चालवायचा परवाना?"

"ते गाडी चालवत नाहीत."

"मग अपघाताच्या वेळी काय करत होते?"

"बसले होते. घरात."

"घर थांबलेलं होतं की चालू?"

लुंग विननं फोन कानापासून लांब धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. "थांबलेलं."

"थांबल्याचे दिवे लावले होते?"

"रंगीत बल्बांची माळ असते. लुकलुकते."

"अरे वा," बाई म्हणाली, "मग त्यांची बाजू भक्कम आहे. त्यांच्या ओळखपत्राची प्रत पाठवून द्या काका. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. दिवस शुभ जावो."

ओळखपत्र नगरपालिकेत मिळतं. खिडकीत एक बाई कच्चा आंबा तिखटमिठात बुडवून खात बसली होती. लुंग विननं सगळं सांगितलं. ती जराही चकित झाली नाही. सरकारी खिडकीमागे बसून ती याहून विचित्र माणसं रोज बघत होती, आणि ती सगळी जिवंत होती.

"ओळखपत्र हवं तर आधी घराची नोंद हवी," ती म्हणाली. "घर कायमचं आहे?"

"खांबावर आहे. सिमेंटचा खांब."

"छप्पर?"

"आहे. सोनेरी."

"माझ्यापेक्षा बरंय. दार?"

"आहे."

"राहणारे किती?"

"म्हातारा, म्हातारी, दोन नोकर, एक नाचणारी. आणि हत्ती."

"हत्ती पशुसंवर्धनकडे." तिनं आंब्याची फोड तोंडात टाकली. "उंची?"

लुंग विननं गुडघ्याच्या वर हात धरून दाखवला.

बाईनं फॉर्म उलटसुलट केला. "नाही, नाही. उंची विचारलेलीच नाही. मला वाटलं विचारली असेल." आणि तिनं शिक्का मारला.

अशा रीतीनं राखणदाराला घर नंबर मिळाला. निळा पत्रा, पांढरे आकडे. पत्रा घुमटीपेक्षा रुंद निघाला, म्हणून तो खांबाला बांधला. गल्लीतल्या लोकांनी आधी ते आकडे लॉटरीसाठी लिहून घेतले. मग सरकारनं हा नवा पत्ता मनावर घेतला. कचऱ्याची पट्टी आली. डासांचा धूर मारायला माणसं आली, त्यांनी नाचणारीच्या अंगावर धूर मारला आणि दारावर खडूनं खूण केली. निवडणुकीतला एक उमेदवार येऊन घुमटीला हात जोडून गेला. तो याआधीही जोडायचा, पण या वेळी त्यानं जाताना पत्रक ठेवलं. आणि एके दिवशी टपालवाल्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं की या पत्त्यावरच्या वयोवृद्ध गृहस्थांचा म्हातारपणाचा भत्ता मंजूर झाला आहे.

पा हुईच्या हातातली किटली तशीच राहिली. "मी कधीपासून अर्ज करतेय! दर वेळी म्हणतात, मावशी, जन्माचा दाखला आणा. त्याच्याकडे कुठला जन्माचा दाखला?"

"पा हुई," टपालवाला म्हणाला, "त्यांचे कागद पूर्ण आहेत. तुझे नाहीत. उगाच देवाशी बरोबरी करू नको."

त्या दिवशी राखणदाराला लाल सरबत मिळालं, पण त्यात बर्फ नव्हता.

*

ओळखपत्र मिळालं. फोटोच्या जागी घुमटीचा फोटो होता आणि कान दोन्ही दिसत नाहीत म्हणून तो आधी एकदा नाकारला गेला होता. पण मिळालं. मग कंपनीला समोरच्या पार्टीचा जबाब हवा झाला. जबाब म्हणजे तोंडी, स्वतःच्या तोंडानं.

तोंड याय चुएनचं होतं. गल्लीच्या टोकाला राहणारी ही आजी. तिच्या अंगात येतं. एरवी ती सुपारी खात मालिका बघते. तिच्यापुढे उकडलेली अंडी, केळी, झेंडूची माळ मांडली. रंगसननं मोबाइल चालू करून पाटावर ठेवला. याय चुएननं एक जांभई दिली, दुसरी दिली, आणि तिसरी जांभई पुरुषी आवाजात आली.

रंगसननं वाकून नमस्कार केला. "आपल्या संभाषणाची नोंद ठेवली जात आहे. अपघाताच्या वेळी आपण कुठे होतात?"

"घरी!" राखणदार गरजला. "मी कुठं जाणार? खांबावर बसवलंय मला!"

"वाहन मागे येताना आपण पाहिलंत?"

"पाहिलं! आणि तो मागे उभा राहून हात हलवणारा गाढवसुद्धा पाहिला!"

हिया क्वांग हळूच एका खांबाआड सरकला.

"मग चूक कुणाची?"

याय चुएननं लुंग विनकडे बोट केलं. "हा रोज माझ्या दारात गाडी लावतो. कधी हात जोडले? कधी भोंगा वाजवून जातो म्हणाला? म्हणून मीच ओढली त्याची गाडी! अशी! मागून धरून!"

लोकांनी हात जोडले. पा हुईच्या अंगावर काटा आला. एकटा रंगसन मात्र उजळला.

"म्हणजे चूक आपली. मान्य?"

"मान्य! काय करणार आहेस?"

"काही नाही. समोरच्या पार्टीची चूक असली की भरपाई समोरच्या पार्टीच्या विम्यातून मिळते. आपला विमा कुठल्या कंपनीचा?"

राखणदारानं एक जांभई दिली. मग याय चुएननं डोळे उघडले, अंडी ओटीत घेतली आणि म्हणाली, "गेले ते."

"विमा नाही, असं लिहितो," रंगसन म्हणाला. "लुंग, अवघड आहे. समोरची पार्टी चुकीची, कबूल, पण बिनविम्याची. आता तुम्ही पोलिसात तक्रार करायची. राखणदाराच्या विरुद्ध."

आता मात्र गल्ली हादरली. त्या संध्याकाळी लुंग विनच्या घरी म्हातारी माणसं आली. कुणी बसलं नाही. "विन," त्यांतली एक म्हणाली, "पोर भिक्षू होणारेय. अशा वेळी जागेच्या राखणदारावर तक्रार? पोराचं काही बरंवाईट झालं तर कंपनी भरून देणार आहे का?"

लुंग विन रात्रभर छताकडे बघत होता. लमायनं पाठ फिरवली, पण झोपली तीही नव्हती. "काय हो," अखेर ती म्हणाली, "क्वांगला सांगू का, गाडी घेऊन ये म्हणून?"

"नाही!"

"मग?"

मगचं उत्तर दुसऱ्या दिवशी मधाळ बाईनं दिलं. तक्रार करायची नसेल तर समेट चालतो. दोन्ही पार्ट्यांचा एकत्र फोटो, हसरा. लुंग विननं पूजेचं ताट आणलं, राखणदाराची माफी मागितली (चूक राखणदाराची असताना), घुमटीच्या खांबाला मित्राच्या गळ्यात टाकावा तसा हात टाकला आणि हसला. पहिला फोटो परत आला. कंपनीच्या मते समोरची पार्टी पुरेशी हसत नव्हती. दुसरा चालला. त्यानंतर रोज मोबाइलवर तोच निरोप यायचा, 'आपलं प्रकरण विचाराधीन आहे. आम्हाला आपली काळजी आहे.'

इकडे पपनसाच्या करंड्या बाजूनं उचलून लुंग विनची कंबर गेली. मागचा फळका तसाच अडकलेला, पिवळा स्टिकर उन्हानं पांढरा पडत चाललेला. हिया क्वांग रोज टपरीवर विचारायचा, "विन, लमायच्या सारोंगमध्ये मावशील का रे? की माझ्या बायकोचा देऊ? तिची कंबर ऐसपैस आहे."

"हस, हस," लुंग विन म्हणायचा. "प्रकरण विचाराधीन आहे."

*

मिरवणुकीचा दिवस उजाडला. दारात मांडव, मांडवात रस्सा रटरटतोय, मोठ्या उखळात बायका मिरच्या कांडतायत. बँडवाले आले. नाचणाऱ्या बायकांनी केसांत फुलं माळली. केंग पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळ, भुवया नसल्यामुळे सतत चकित झाल्यासारखा दिसत होता. लुंग विननं गाडी फुलांनी मढवली होती. फक्त मागची बाजू मोकळी ठेवली होती, पुराव्यासाठी.

त्यानं शेवटचा फोन लावला. कंपनी गाणं ऐकवत होती.

फळका उघडतो का, म्हणून दोघातिघांनी ओढून पाहिला. नाही. केंग बाजूच्या कडेवर पाय ठेवायला गेला तर कपडा फाटल्याचा आवाज आला. लोक हसले. केंगचे डोळे भरले. तेवढ्यात हिया क्वांगनं आपली नवी पिकअप मांडवासमोर आणली. बॉनेटवर गुलाबी रिबीन, आणि फळका आधीच उघडा.

"बाळा, चढ," हिया म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, हे सगळ्यांत वाईट.

केंगनं बापाकडे पाहिलं. बापानं फोनकडे पाहिलं. गाणं चालूच होतं.

लमाय उखळापाशी बसली होती. ती उठली. हातातलं मुसळ तसंच होतं, मिरच्या लागलेलं. ती गाडीमागे गेली, पोच्यावरच्या स्टिकरकडे एकदा पाहिलं.

"लमाय, तो पुरावा आहे!" लुंग विन ओरडला.

"उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं!" असं म्हणून तिनं वर उचललेल्या बंपरवर मुसळ घातलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या दणक्याला बंपर 'टण्ण' करून खाली आला, पोचा बाहेर उसळला, स्टिकर उडाला आणि फळका आपोआप धाडकन उघडून पडला.

मग ढोल आपसूक वाजू लागले. केंग पायरी चढावी तसा शांतपणे बापाच्या गाडीवर चढला. लमायनं हातानं डोळे पुसले आणि डोळ्यांत मिरची गेली.

"हरलास!" हिया क्वांगनं आनंदानं टाळी वाजवली. "कंपनीनं नाही, बायकोनं केलं! आणा तो सारोंग! आणा लाली!"

लुंग विननं मान खाली घातली. हरलो तर हरलो. पोर गाडीवर होतं. त्यानं सारोंगसाठी हात पुढे केला, तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला.

"लुंग! लुंग विन!" रंगसन घामाघूम, हातात कागद नाचवत. "मंजूर झालं! समोरच्या पार्टीसकट मंजूर!" तो वाकला, बंपरकडे पाहिलं, मग खाली रस्त्यावर पाहिलं, जणू पोचा तिथं पडला असेल. "पोचा कुठंय?"

"गेला," लमाय म्हणाली.

"पोचा नाही तर दुरुस्त काय करायचं?" रंगसननं घाबरून कंपनीला फोन लावला. तो लगेच लागला. मधाळ बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"बंपर सुस्थितीत आहे का?"

"आहे."

"फळका उघडतो?"

"उघडतो."

"आज दुरुस्तीला मंजुरी होती आणि आज बंपर सुस्थितीत आहे," बाई म्हणाली. "म्हणजे दुरुस्ती झाली. इतक्या झटपट! अभिनंदन. कागदावर लिहा, 'कंपनीतर्फे दुरुस्ती पूर्ण.' आणि नागाला आमच्याकडून शुभेच्छा."

रंगसननं लिहिलं, शिक्का मारला.

हिया क्वांगचा सोन्याचा दात पहिल्यांदा दिसेनासा झाला. "ए, ए! कसली कंपनी? आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर हिनं मुसळानं… सगळ्यांनी पाहिलं ना? पा हुई! तू साक्षीदार आहेस!"

पा हुईनं कागद हातात घेतला. चष्मा लावला. मोठ्यानं वाचला. शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं.

"पाहिलं तर मी पण," ती सावकाश म्हणाली. "पण हिया, इथं लिहिलंय की कंपनीनं केलं. शिक्का आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे डोळे आहेत!"

"डोळ्यांवर कुणाची सही आहे का?" रंगसननं नम्रपणे विचारलं.

गल्ली विचारात पडली. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. पण शिक्का गोल होता, ठळक होता. शिवाय विन सारोंगात नाचला असता तर ठीक, पण हिया क्वांग सारोंगात नाचणार, हे बघायला लोक घर गहाण टाकून आले असते.

सगळ्यांनी लुंग विनकडे पाहिलं. लुंग विननं लमायकडे पाहिलं. लमायनं मुसळ हळूच पाठीमागे नेलं.

ज्या कागदानं त्याची कंबर मोडली, झोप उडवली, राखणदाराच्या गळ्यात हात टाकून हसायला लावलं, तोच कागद आता त्याच्या बाजूनं उभा होता. लुंग विननं घसा साफ केला.

"कंपनीनंच केलं," तो म्हणाला. आणि म्हणताना त्याला जड अजिबात गेलं नाही.

हियाच्या बायकोनं स्वतः धावत जाऊन आपला सर्वांत भडक सारोंग आणला. लाली पा हुईनं फासली, ओठांच्या बाहेरपर्यंत, सढळ हातानं. बँडनं ठेका धरला आणि हिया क्वांग मिरवणुकीच्या पुढे निघाला. हातवारे करत, घामानं लाली ओघळत, दर दोन पावलांनी मागे वळून तो जीव तोडून ओरडत होता, "मुसळ! मुसळ! मुसळानं केलं!"

लोकांना वाटलं, गाण्याचं ध्रुपद आहे. त्यांनी लगेच उचललं. "मुसळ! मुसळ!" करत अख्खी गल्ली नाचत विहाराकडे निघाली. बायका, पोरं, बँडवाले, रंगसनसुद्धा. एकटा हिया खरं बोलत होता आणि त्याच्या मागे सगळं गाव तेच खरं त्याच्याहून मोठ्यानं, तालात, टाळ्या वाजवत म्हणत होतं.

आता तुम्ही. तुम्ही तर पहिल्या दणक्यापासून इथंच आहात. मुसळ कुणी उचललं, तेही पाहिलंत. मग या ना जरा पुढं, थांबवा ही मिरवणूक, सांगा त्या बिचाऱ्याच्या बाजूनं दोन शब्द. काय म्हणता? कागद नाही तुमच्याकडे?

मग सरका कडेला आणि टाळ्या वाजवा. फोटो काढायचा असेल तर आत्ता काढा. तो बघा, वळला.